पाचला मिटणारी राजधानी

बेटाला राजधानी असते, ही गोष्ट सहलीला निघालेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. बेटाला किनारा असावा, पाणी निळं असावं, सुरूच्या झाडाखाली आडवं होण्यापुरती खुर्ची असावी. तिथे अर्थखातं असेल, पेन्शनची खिडकी असेल, सही-शिक्क्यासाठी ताटकळलेली माणसं असतील, असं कोण कशाला मनात आणील? मॉरिशसच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात म्हणूनच सगळं बेट तपशीलवार असतं. शामारेलची सात रंगांची माती, इल-ओ-सर्फची बोट, ग्रां-बेची संध्याकाळ. पोर्ट लुईसच्या वाट्याला एक ओळ येते: ‘अर्धा दिवस शहरदर्शन व खरेदी’. त्या अर्ध्या दिवसातलाही बराचसा वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात जातो.

मला मात्र हे शहर त्या सगळ्या किनाऱ्यांहून जास्त आवडलं. कारण सांगितलं तर लोक हसतात. सुट्टीवर असताना, मंगळवारी सकाळी, दुसऱ्यांना घाईघाईने कामाला जाताना बघणं यासारखं सुख नाही. आणि ते पोर्ट लुईसमध्ये भरपूर मिळतं. मेट्रोतून (ती बांधली आहे आपल्या लार्सन अँड टुब्रोने) माणसं उतरतात. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात टाय, हातात जेवणाचा डबा. अंगातून धारा लागाव्यात असा उकाडा, पण टाय सैल होत नाही. त्या गर्दीत फुलाफुलांचा सदरा आणि अर्धी चड्डी घालून उभा असलेला पाहुणा तेवढा विचित्र दिसतो. पण कोणी वळून बघत नाही. ‘सर, टॅक्सी?’ नाही की ‘सर, शंखशिंपले?’ नाही. त्यांना नऊच्या आत पोचायचं असतं.

शहर वसवलं माहे द ला बूर्दोने या फ्रेंच गव्हर्नरने. 1735 मध्ये तो आला आणि बंदर, गोदामं, रस्ते यांच्या मागे लागला. नाव अर्थातच राजाचं, पंधराव्या लुईचं. पुढे हाच गृहस्थ मद्रास जिंकून मायदेशी गेला तेव्हा त्याला बास्तीलच्या तुरुंगात टाकण्यात आलं. तो निर्दोष सुटला, पण सुटल्यावर फार दिवस जगला नाही. आता त्याचा पुतळा ताडांच्या दुहेरी रांगेच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून उभा आहे. दुसऱ्या टोकाला, सरकारी वाड्याच्या दारात, व्हिक्टोरिया राणी. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं तरी फ्रेंचाला त्यांनी हलवलं नाही. उलट हा पुतळा उभा राहिला तोच इंग्रजी अमदानीत. त्याच धोरणाने आजही सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि भांडण क्रिओलमध्ये चालतं.

नोटांवर तर देवनागरीही आहे. पहिल्यांदा ती नोट हातात आली की आपण उगाच घरच्यासारखे वागू लागतो. 1998 मध्ये नव्या नोटा काढताना तमिळ मजकूर देवनागरीच्या खाली गेला. तमिळ मंडळी म्हणाली, बेटावर आधी आम्ही आलो. एवढं रान उठलं की नोटा मागे घेऊन, पुन्हा जुना क्रम लावून छापाव्या लागल्या. पाट्यांवरून रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे शहर परकं वाटण्याचं काही कारण नाही.

मध्यवर्ती बाजारात भाजी आहे, मसाले आहेत, आणि दम्यापासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर काढा देणारे जडीबुटीवाले आहेत. पण खरी रांग धोल पुरीच्या गाडीपुढे. ही बिहारच्या दालपुरीची नात. पुरणपोळीतून गूळ वजा करा, पोळी रुमालासारखी पातळ लाटा, म्हणजे जवळपास पोचाल. ती एकटी मिळत नाही, जोडीनेच घ्यायची. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि तिखटाबद्दल एक प्रश्न. मराठी माणूस तिखटाच्या प्रश्नाला नाही म्हणत नाही. नंतर अलुदा लागते. ती म्हणजे दूध, सब्जा आणि चायना ग्रासचा आपला फालुदाच. दोन्ही गोष्टी उभ्याने खायच्या-प्यायच्या, कारण शेजारचा टायवाला तसंच करतो आणि त्याच्या सदऱ्यावर एक थेंब सांडत नाही.

संग्रहालयं दोन बघावीत. ब्लू पेनीमध्ये 1847 ची दोन तिकिटं आहेत. एक पेनीचं नारिंगी, दोन पेन्सचं निळं. दोन्ही मिळून हजारच छापली होती. त्यातली काही गव्हर्नरच्या बायकोने नाचाच्या मेजवानीची आमंत्रणं धाडण्यात खर्च केली, आणि ती पाकिटं आज जगभरचे श्रीमंत शोधत असतात. खऱ्या तिकिटांना उजेडाचा त्रास होतो, म्हणून तासातून दहाच मिनिटं त्यांच्यावर दिवा लागतो. बाकी वेळ नकला बघायच्या. दिवा लागायच्या आधी लोक असे जमतात की काकड आरती चुकू नये. दिवा लागतो, सगळे वाकतात, आणि दिसतं एवढंसं तिकीट.

दुसरं संग्रहालय डोडोचं. डच लोक 1598 मध्ये आले, आणि शंभर वर्षांच्या आत हा गरीब पक्षी संपला. आता तो टोप्यांवर आहे, किल्ल्यांच्या जुडग्यांना लोंबतो आहे. राष्ट्रचिन्हाची एक बाजूही त्यानेच तोलून धरली आहे. दुसरी बाजू सांबराने, ज्याला डचांनीच जावाहून आणून सोडलं. संपवलेला आणि आणवलेला, दोघांच्या खांद्यावर राज्य. संग्रहालयातला सांगाडा मात्र अस्सल आहे आणि एकाच पक्ष्याचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शोधून काढला याच शहरातल्या एतिएन तिरियू नावाच्या न्हाव्याने. मोठमोठ्या विद्वानांना जे जमलं नाही ते दाढ्या करून उरलेल्या वेळात झालं, ही गोष्ट मला डोडोइतकीच महत्त्वाची वाटते.

अप्रवासी घाट बाजारापासून चालत काही मिनिटांवर आहे. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर इथे उतरले, आणि पुढच्या पाऊण शतकाहून अधिक काळात साडेचार लाखांवर माणसं त्यांच्यामागून आली. कलकत्त्याहून, मद्रासहून, मुंबईहून. दगडी सोळा पायऱ्या चढायच्या, नाव सांगायचं, कारकून ते कानाला लागेल तसं लिहून घ्यायचा. मग मळ्यात, उसात. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं होती. कोणाचं तरी साधं हाक मारायचं नाव कागदावर आडनाव होऊन बसलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते फ्रेंच वळणाने चालवलं. त्यांची पणतवंडं आज घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, गणपतीत जाखडी नाचतात. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. मला त्या पायऱ्यांशी शहाणं काही सुचलं नाही. घाटाच्या अंगावरूनच मोटाररस्ता गेला आहे. इथल्या बहुतेक जुन्या इमारती पाडल्या गेल्या, उरलेल्या भागाला युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारशात घेतलं.

चार वाजले की शहर चुळबुळायला लागतं. पाचला दुकानांची शटरं धडाधड खाली येतात. माणसं आली तशी वर जातात, क्युरपीपला, कात्र बोर्नला, रोझ हिलला. ही वर जायची सवय जुनी. 1867 च्या सुमाराला मलेरियाने इथे हजारो माणसं नेली, तेव्हा ज्यांना परवडलं ते थंड डोंगराळ भागात राहायला गेले, ते तिकडचेच झाले. त्यामुळे संध्याकाळी सहानंतर राजधानीत पर्यटकाची करमणूक करायला जवळजवळ कोणी उरत नाही. थोडी जाग असते ती धक्क्यावरच्या ‘कोदां वॉटरफ्रंट’च्या उपाहारगृहांत आणि घोड्यांच्या शर्यतीच्या गप्पा मारणाऱ्यांत. शर्यतींचं शां द मार्स मैदान 1812 पासूनचं आहे आणि 12 मार्च 1968 ला देशाचा झेंडाही तिथेच पहिल्यांदा चढला.

सहल कंपन्यांना हे शहर का जमत नाही ते यातच आलं. ते आपल्यासाठी काही करत नाही, आणि मला ते पुरेसं आहे. तेव्हा जाणार असाल तर कामाच्या दिवशी जा, शनिवार-रविवार किनाऱ्याला द्या. नऊच्या आत पोचा, लांब विजार घाला, अप्रवासी घाटाला तिकीट नाही हे लक्षात ठेवा. आणि धोल पुरी सकाळीच खाऊन घ्या. दुपारनंतर गाडीवाला घरी गेलेला असतो.