‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्यास खुले पत्र

प्रति,
कॉम्प्युटर दुरुस्तीवाले भाऊ,

तुमचं नाव-गाव इथे लिहीत नाही. ओळखायचं ते तुम्ही ओळखाल.

जुलै संपत आला होता. पीक विम्याची मुदत डोक्यावर, आणि आमच्या तीर्थपुरीतल्या ऑनलाइन सेंटरवर सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन माणसं बसलेली. एक रुपयातला विमा २०२३च्या खरिपात आला आणि २०२५मध्ये गेलाही. आता हप्ता शेतकऱ्याच्या खिशातून जातो. मुदत हुकली तर सोयाबीन पाण्यात गेल्यावर विम्याचा दावाच करता येत नाही. अशा दिवशी कॉम्प्युटर सुरू होईना. पंखा फिरतोय, लाइट लागतोय, स्क्रीन काळीच. तुम्ही आलात, बटण दाबलंत आणि म्हणालात, “बोर्ड गेला. नवा टाकावा लागेल.” कॅबिनेटचा एक स्क्रूसुद्धा ढिला केला नाहीत. नाडी न बघता मयताचा दाखला लिहिलात आणि व्हिजिटचे पैसे मोजून घेतलेत.

बोर्ड जिवंत आहे का, हे बघायला फार काही लागत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रॅम काढायची, बोर्डाला तो बोटाच्या पेराएवढा स्पीकर लावायचा, बटण दाबायचं. बीप वाजला की समजायचं, बोर्ड आणि प्रोसेसर चालू आहेत, रॅम नाही म्हणून ओरडताहेत. हल्ली बऱ्याच कॅबिनेटमध्ये हा स्पीकर येतच नाही. मग तो दुरुस्तीवाल्याच्या पिशवीतही नसेल, तर त्या पिशवीत असतं तरी काय?

तुम्ही गेल्यावर वायर काढून मी झाकण उघडलं. आत धुळीचे थर. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडलेल्या. एका पोराच्या दप्तरातलं खोडरबर घेऊन त्या घासल्या, चुरा पुसला, स्लॉट कोरड्या ब्रशने झाडला आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत रॅम दाबून बसवली. स्क्रीन लागली. पण तारीख कित्येक वर्षांपूर्वीची, आणि एकही सरकारी साइट उघडेना. तारीख चुकली की ब्राउझर साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र मानत नाही. कारण बोर्डावरचा सीआर २०३२, तीन व्होल्टचा बटणाएवढा सेल. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो बदलला, तारीख टाकली, फॉर्म भरायला सुरुवात झाली.

बोर्ड खरोखरही जातात. कपॅसिटर फुगतात, २००० सालानंतरच्या काही वर्षांत निकृष्ट कपॅसिटरपायी जगभरचे बोर्ड बाद झाले. आमच्याकडे तर अर्थिंग नावाला आणि लाइटचा दाब कमी-जास्त, त्यात एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, आधी बळी पडतो. पण तोही तपासता येतो. बोर्डापासून सोडवून हिरवी वायर काळीला जोडली की पंखा फिरायला हवा, आणि मीटरवर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट दिसायला हवेत, पाच टक्के इकडे-तिकडे. यातलं काहीही न करता नवा बोर्ड गळ्यात मारणाऱ्याला मी दुकानदार म्हणेन. मिस्त्री म्हणणार नाही.

आमचा बोर्ड वाचला. पण ज्यांनी तुमच्या शब्दावर हजारो रुपये मोजले, त्यांचे जुने बोर्ड तुम्ही “भंगार आहे, टाकून देतो” म्हणत पिशवीत घातलेत. त्यातले चालू किती होते?

यापुढे काय तपासलं ते बिलावर लिहा आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली त्रुटी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९प्रमाणे तक्रारीस पात्र आहे, आणि जालन्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. ज्याला तक्रार करायची असेल, त्याचा अर्ज मी एक पैसा न घेता टाइप करून देईन.

आपला,
तीर्थपुरीतला एक सेंटरचालक