तिघांची सीट

ह्यूस्टनच्या भाच्याला आल्लापल्लीचं सागवान बघायचं होतं. मे महिन्यात चंद्रपुरात शहाण्या माणसानं घरातून माठापर्यंत जावं, फार तर परत यावं. पण भाचा परदेशातला, आणि ताईचा फोन आधीच येऊन गेलेला. तो जबलपूरच्या मित्राला भेटून चांदा फोर्टला उतरला, तेव्हा मी हार घेऊन चंद्रपूर स्टेशनवर उभा होतो. गाव एक, स्टेशनं दोन. १९६४ साली चांद्याचं चंद्रपूर झालं, हे फोर्टाला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर निघालो आणि जटपुरा गेटात अडकलो. एका कमानीत आमचा ऑटो, दोन बुलेट, शाळेची व्हॅन आणि कशाचीच घाई नसलेली एक म्हैस एकाच वेळी शिरली होती.

"मामा, आमच्याकडं केटी फ्रीवेला सव्वीस लेन आहेत," भाचा म्हणाला.

"मंग जाम होत नसंल?" ऑटोवाल्यानं मान वळवली.

"होतो ना. रोजच होतो."

"सव्वीस करून बी जामच? मंग आमचा एक गेट काय वाईट हाय जी!" ऑटोवाल्याला इतका आनंद झाला की त्यानं जाममध्येच इंजिन बंद करून खर्रा काढला.

मी भाच्याला इतिहास सांगून घेतला. आख्यायिका अशी, की गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला असता एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला. राणीनं सल्ला दिला की ससा जिथून जिथून धावला तिथून परकोट बांधावा. पुढच्या राजांनी तो पुरा केला. चार वेशी झाल्या, पाच खिडक्या झाल्या आणि त्यांतल्या एकीला सरळ चोर खिडकी म्हणतात. थोडक्यात, शहराचा पहिला विकास आराखडा सशानं आखला. पुढं कोळसा निघाला, कॉलन्या उठल्या, परकोटाबाहेर ले-आउटमागून ले-आउट पडले. आता आराखड्यात ससा कुठं नाही, पळापळ तेवढी आहे.

आल्लापल्लीवरून जाणारी अहेरीची बस मिळाली, सीटही मिळाली. तिघांची. खिडकीशी भाचा, कडेला धोतर-दुपट्ट्यातले एक आजोबा आणि मध्ये मी. तिघांची सीट ठरवणाऱ्यानं मला पाहिलेलं नसावं. आजोबा अर्धे सीटवर, अर्धे एसटीच्या भरवशावर बसले होते.

गाडी सुटली. वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या. २९२० मेगावॉटचं केंद्र म्हटल्यावर भाचा सरसावून बसला. इथून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची खास तार १९९९ पासून आहे, हेही सांगितलं. वीज पापणी लवायच्या आत पोचते. चंद्रपूरच्या माणसाला त्यासाठी एक अख्खी रात्र लागते, तीही रिझर्वेशन कन्फर्म झालं तर.

बल्लारपुरात कागद गिरणीचा वास नाकात शिरला. म्हणजे बांबूही मार्गी लागला होता. कोळशाला मालगाडी आहेच. आणि ज्या सागवानासाठी आम्ही घाम गाळत निघालो होतो, ते २०२३ साली वाजतगाजत अयोध्येला राममंदिराच्या दारांसाठी रवाना झालं होतं. इथल्या लाकडाचीसुद्धा मिरवणूक निघते.

कोठारी सोडली तशा खिडकीतून झळा यायला लागल्या. खिडकी लावावी तर आत भट्टी. आजोबांनी भाच्याच्या लालबुंद तोंडाकडं पाहिलं, बंडीच्या खिशातून एक कांदा काढला आणि माझ्यावरून हात लांबवून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. "ऊन नाई लागत." भाच्याला वाटलं, जेवण आलं. तो कांद्यासोबत काय येतंय याची वाट बघत राहिला.

गोंडपिपरीच्या पुढं रस्त्याकडेला तेंदूपत्त्याची फळी लागली होती. पुडक्यांच्या रांगा उन्हात एकसारख्या मांडलेल्या. भाचा म्हणाला, एवढी शिस्तीची पार्किंग त्यानं ह्यूस्टनलाही पाहिली नाही.

आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोली जिल्हा लागला. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघालेला हा जिल्हा. रेल्वे म्हणाल तर पार उत्तरेच्या टोकाला, वडशाला. समोरून ट्रकांची रांग आली, धुरळा लाल. सुरजागडचं लोखंड. पुढच्या सीटवर भरतीची तयारी करणारा एक पोरगा होता, सोळाशे मीटरची वेळ मोबाइलमध्ये जपून ठेवलेला. तो म्हणाला, "आता ट्रक बी कमी होतीन. हेडरीहून कोनसरीच्या प्लँटपर्यंत पाइप टाकला ना! लोखंडाचा गाळ करून नळातून सोडते."

"स्लरी पाइपलाइन!" भाचा उठून उभाच राहिला. ह्यूस्टनला तो पाइपलाइनचंच काम करतो. सव्वा दिवसात त्याला पहिल्यांदा आपलं कुणी भेटलं होतं. व्यास, दाब, पंप, उतार असं काय काय तो सांगत सुटला. पोरगा ऐकत होता, आजोबा त्याहून लक्ष देऊन ऐकत होते.

आजोबा एटापल्लीपलीकडचे, गर्देवाड्याच्या अंगचे. २०२५ च्या १ जानेवारीला, स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, त्या वाटेवर पहिली एसटी धावली. मुख्यमंत्री स्वतः त्या बसमध्ये बसले.

"तुम्हाला जागा मिळाली का त्या दिवशी?" मी विचारलं.

"साहेब लोकंच लय होते जी. मी दुसऱ्या दिवशी बसलो. माझ्या कोंबड्याला घेऊन."

मग ते भाच्याकडं वळले. "बाबू, कोळशाला गाडी हाय, लायटीला तार हाय, आता लोखंडाला नळ झाला. माणसासाठी बी एखादा पाइप होते का नाई?"

भाचा पक्का इंजिनिअर. त्यानं खिशातलं पेन काढलं. "होईल की! व्यास किती धरायचा?"

आजोबांनी मला डोक्यापासून पोटापर्यंत नीट न्याहाळलं. पोटाशी जरा जास्तच वेळ थांबले.

"पहिले ह्यायचं माप घ्या," ते म्हणाले. "हे गेले म्हणजे सारा जिल्हा जाते."