पोट्टा मीडियात लागला म्हणे!

"आयकलं काय वो?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. तो खाली आला की समजायचं, बातमी मोठी आहे. "माह्या चुलत दिराच्या पोट्ट्याले मुंबईले नोकरी लागली. मीडियात. त्याची माय रुक्मिणीच्या देवळापासून एस.टी.च्या थांब्यापावतर सांगून राह्यली, का आता पोट्टा टीव्हीवर दिसन म्हणून."

"तो तर नागपूरला एमबीए करत होता ना?"

"हाव ना! थेच तं म्हंतो मी. एमबीए करून बातम्या सांगतेत काय?"

आमच्या दोन घरांमधल्या तारेच्या कुंपणाला फाटक नाही, पण एक तार इतकी वाकलेली आहे की भाजीची वाटी, मामाजींचा पेपर आणि सगळ्या कौंडण्यपूरची खबरबात तिथून आरपार जाते. काकूंनी कुंपणाला लागूनच बाज टाकली होती, तिच्यावर जुनं धोतर अंथरलं होतं आणि त्या मुंगवड्या घालत होत्या. चार बोटांवर वाटलेली डाळ घ्यायची, अंगठ्यानं पुढं सारायची, टप्. नजर माझ्याकडे आणि वड्यांची ओळ तरी सरळ.

मला खरं काय ते माहीत होतं, कारण पोरानं नोकरीचं पत्र मलाच आधी दाखवलं होतं. पदाचं नाव असं भारदस्त की वाचणाऱ्याला वाटावं कलेक्टरच झाला. काम एवढंच, की साडीवाले, सोनार, शिकवणीवाले, बियाण्यांच्या कंपन्या, यांचे उंबरे झिजवून जाहिराती आणायच्या.

"म्हंजे वसुली?"

"वसुली मागून. आधी गळ घालायची."

"अन् तिकडं पोरीचा बाप इचारून राह्यला, जावई कोन्या टायमाले टीव्हीवर दिसते म्हणून! रविवारी पाह्याले येऊन राह्यले थे लोकं."

काकूंना वाटलं पोराचं नुकसान झालं. मला मात्र वाटतं, मोठ्या खुर्चीची वाट असलीच तर याच बाजूनं आहे. मामाजी ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांना विचारलं, हा पेपर कितीला पडतो? ते म्हणाले, "च्यापेक्षा सस्ता." तेच तर. तेवढ्यात कागद, शाई, छपाई, पहाटेची गाडी आणि एजंटाचं कमिशन निघत नाही. ते निघतं पहिल्या पानावरच्या सोनाराकडून, जागा चौरस सेंटीमीटरवर मोजून. टीव्हीवर तेच दहा सेकंदांच्या हिशेबानं विकतात. म्हणून कंपनी चालवायला बसवायचा माणूस शोधताना मालक आधी विचारतो, याला गिऱ्हाईक कळतं का? बातमी कळते का, हा प्रश्न मागाहून येतो, कधी येतही नाही.

काकू रोज रात्री कलर्स मराठी लावतात. त्यांना अजूनही ती ई-टीव्हीच आहे. नाव २०१५ मध्ये बदललं, काकूंनी बदललं नाही. त्या वेळी ती वाहिनी ज्या व्हायकॉम १८ कंपनीची होती, तिचे प्रमुख होते सुधांशु वत्स. अहमदाबादच्या आयआयएममधून शिकले, बरीच वर्षं हिंदुस्थान लिव्हरमध्ये काढली आणि तिथून थेट टीव्ही कंपनीच्या खुर्चीवर.

"लिव्हर म्हंजे साबनवाली?"

"तीच. आणि आता ते पिडिलाइटचे प्रमुख आहेत. फेव्हिकॉलवाली."

काकूंचा अंगठा थांबला. "साबन, मंग टीव्ही, मंग फेव्हिकॉल? काय माणूस हाये का किराना दुकान?"

एकटे तेच नाहीत. स्टार इंडियाचे संजय गुप्ता कलकत्त्याच्या आयआयएमचे. तेही लिव्हरमधून निघाले, मग एअरटेल, मग स्टार, तिथून गुगल इंडिया. या मंडळींना साबण आणि मालिका यांत फार फरक दिसत नसावा: घर तेच, घरातली बाई तीच, तिनं रोज न चुकता घ्यावं अशी सवय लावायची. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आणि पुढच्या आठवड्यात सुनेला किती छळायचं ते त्यावर ठरतं. पूर्वी मालिका तेरा भागांत संपायची. आता ती कापडाच्या ताग्यासारखी उलगडत जाते, याचं बरंचसं श्रेय मी या एमबीएवाल्यांना देते. काकूंना हे पटलं नाही. त्यांना तागा आवडतो.

"आपल्या इकडचं कोनी नाई काय?" मामाजींनी चष्म्यावरून पाहिलं. ते यवतमाळकडचे, म्हणून उत्तरही त्यांनीच दिलं. "जवाहरलाल दर्डा. स्वातंत्र्यसैनिक माणूस. १९७१ मधी नागपुरातून लोकमत रोजचा केला, आता नातवाईची पिढी हाये. कोनतं कॉलेज अन् कायचं काय!"

खरं आहे. मराठी पेपर बहुतेक घरचा धंदा. कोल्हापूरच्या 'पुढारी'त जाधव, 'सकाळ'मध्ये पवार. त्या घरातला मुलगा परदेशात जाऊन व्यवस्थापन शिकून येतो ते खुर्ची मिळवायला नव्हे, मिळालेली सांभाळायला. 'सकाळ' ज्यांनी काढला ते नानासाहेब परुळेकर मात्र अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिकडचे पेपर कसे चालतात ते डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि १ जानेवारी १९३२ ला पुण्यात स्वतःचा पेपर सुरू केला. वाचकाला काय हवं ते त्याच्या दाराशी जाऊन विचारायचं, हे त्यांना एमबीएविना कळलं होतं.

"मंग आपल्या पोट्ट्यानं थे अमरावतीचं कॉलेज काहून नाई केलं? थ्याच्यात तं बातमीदार होतेत म्हणे."

ती वेगळी संस्था. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था, तिचं केंद्र अमरावतीत २०११ पासून आहे. तिथला पोरगा बातमीदार होतो, उपसंपादक होतो. नशीब आणि तब्येत साथ देईल तर संपादक. संपादकाच्या वरच्या मजल्यावर लिफ्ट क्वचितच जाते. नितीन वैद्यांसारखा एखादा असतो, पत्रकारितेतून आला आणि झी मराठीचा धंदा सांभाळू लागला. पण अशी नावं मोजायला बोटं पुरतात.

मग मी काकूंना अपूर्वा पुरोहितांबद्दल सांगितलं, कारण मला स्वतःला ती गोष्ट आवडते. चेन्नईत विज्ञान शिकल्या, १९८९ मध्ये बंगलोरच्या आयआयएममधून बाहेर पडल्या आणि आपल्या पोट्ट्यासारखीच सुरुवात केली, जाहिरातीच्या कंपनीत. २००५ मध्ये रेडिओ सिटीच्या प्रमुख झाल्या. देशातली पहिली खासगी एफएम वाहिनी ती, बंगलोरला २००१ मध्ये निघालेली. आपल्या अकोल्यातही तिचं केंद्र आहे.

"अकोल्याचं? आपल्याले तं आयकू येत नाई."

एफएमची धाव तेवढीच, शहर आणि आजूबाजूची थोडी गावं. धंदा मोठा बिकट. सुरुवातीला सरकारनं लिलावातली फी ठरवली आणि ती दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणार असं कलम घातलं. गाण्यांतून पैसे येवोत न येवोत, फी चढतच जाणार. कितीकांनी बोली लावली आणि हात वर केले. २००५ मध्ये धोरण बदललं, उत्पन्नाच्या चार टक्क्यांवर आलं, तेव्हा अकोला, जळगाव, नांदेडसारख्या गावांत स्टेशन काढणं परवडू लागलं. वर खासगी रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. म्हणजे मीडिया कंपनी, पण बातमी वर्ज्य! अशा ठिकाणी हिशेब पक्का असलेलाच माणूस लागतो. पुढं कंपनी जागरण समूहाकडे गेली, पुरोहितबाई त्या समूहाच्या अध्यक्ष झाल्या, २०१७ मध्ये रेडिओचे शेअर बाजारात आले. मधल्या काळात नोकरदार बायांसाठी इंग्रजीत एक खुसखुशीत पुस्तकही लिहिलं.

"अन् आता काय करते थे?"

इथं मी थोडी थांबले, खरं सांगते, मजा घ्यायला. "आता मुलाबरोबर 'आजोळ' नावाची कंपनी काढली आहे. महाराष्ट्रातल्या बचत गटांच्या बायांकडून पापड, चटण्या, लाडू, पिठं घेऊन शहरातल्या लोकांना विकतात."

काकूंनी बाजेवरच्या ओळींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आवं माय! एवढं शिकून, एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसून, शेवटी पापडच इकून राह्यली?"

ओट्यावर मामाजी इतके हसले की पेपरची घडी मोडली.

मी म्हटलं, काकू, पापड लाटणारीला मिळतं ते वेगळं आणि पापडाचं नाव घरोघरी पोचवणाऱ्याला मिळतं ते वेगळं. ते पोचवणंच त्या पंचवीस-तीस वर्षं शिकल्या. आपल्या गटाची वडी तिवस्याच्या पुढं जात नाही, ती चव कमी म्हणून नव्हे. काकू काही बोलल्या नाहीत. उरलेली डाळ पाटीच्या कडेनं निपटून घेतली, हात धुतले, पदराला पुसले.

"रविवारी पोरीच्या बापाले मी काय सांगू मंग?"

"सांगा, जाहिरातीत आहे. पगार बरा आहे. दिवाळीत घरी येणार नाही, कारण त्यांचा सगळा सीझन दिवाळीतच."

"दिवाळीले बी नाई?" काकूंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. कावळ्याला हाकलून त्या कुंपणाच्या वाकल्या तारेपाशी आल्या आणि आवाज पुन्हा खाली आणला. "थे जाऊ द्या. त्या पुरोहितबाई वड्या कोन्या भावानं घेते, थे पाह्य बरं मोबाईलमधी. माह्या वडीत कोहळं असते म्हणा, निरी डाळ नाई."