गेटबाहेरचा गेट पास

गाडी तयार झाली २ तारखेला. तसा मेसेज आला, शेवटी हसरा चेहरा. आमच्या सोसायटीचे खजिनदार त्याच संध्याकाळी गॅरेजात हजर. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, ‘‘काका, गाडी रेडी आहे, पण देता नाही येणार. कॅशलेस आहे ना, विमा कंपनीचं अप्रूव्हल यायचंय.’’ अप्रूव्हल आलं १५ तारखेला. आता गाडी देता येत होती, पण बिलात एक नवी ओळ उगवली होती : पार्किंग चार्जेस, ११ दिवस, दर ५०० रुपये, जीएसटी १८ टक्के, एकूण ६,४९०. तेरातले दोन दिवस माफ. ‘‘अठ्ठेचाळीस तास आपण कुणालाच लावत नाही, काका,’’ असं तो पोरगा म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कर्णाचं तेज होतं म्हणे.

म्हणजे देत नव्हते म्हणून नेली नाही, आणि नेली नाही म्हणून भाडं. हा हिशेब मी खजिनदारांकडून पुन्हा वदवून घेतला. त्यांचीच सांगण्यात काही गफलत होत असेल असं वाटलं. नव्हती. टँकरच्या बिलात चाळीस रुपये जास्त लावले म्हणून टँकरवाल्याला भर उन्हात गेटवर उभा करून बेरीज करायला लावणारा हा माणूस. त्याची हिशेबात गफलत होत नाही.

घडलं होतं एवढंच, की रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या एका टेम्पोने गाडीचा बंपर आणि डावा हेडलॅम्प नेला. दीड हजार सीसीच्या आतल्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये, हे खजिनदारांना पाठ. पाचशेच्या दोन नोटा वरच्या खिशात घालूनच ते निघाले होते. पार्किंगचं विमा कंपनीला विचारलं तर ‘पॉलिसीत बसत नाही’. गॅरेजला विचारलं तर ‘उशीर विमा कंपनीचा’. दोघांनी मिळून उशीर करायचा आणि त्याचं भाडं तिसऱ्याने भरायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार जागेची आहे.

रोजच्या पाचशे रुपयांत गाडीला काय मिळत असेल ते बघायला मी मुद्दाम गेलो. गॅरेजच्या आत आरसा व्हावी अशी फरशी, काचेची केबिन, कॉफीचं यंत्र, सोफा, आणि समोरच्या टीव्हीवर आवाज बंद केलेलं क्रिकेट. गाडी मात्र यातलं काही बघत नव्हती. गाडी रस्त्यावर होती. गॅरेजच्या रस्त्यावर नव्हे, तुमच्याआमच्या रस्त्यावर. दोन चाकं फुटपाथवर, दोन डांबरावर, पुढे-मागे अशाच गाड्यांची लांब रांग, आणि डोक्यावर एक जुना पर्जन्यवृक्ष. त्यावर बगळ्यांची भरलेली वसाहत. नव्याकोऱ्या बंपरवर बगळ्यांनी आपलं अप्रूव्हल केव्हाच देऊन टाकलं होतं.

जीएसटी धरून दिवसाचे ५९०, महिन्याचे १७,७००. एवढ्या पैशांत पेठेत कॉट बेसिसवर दोन पोरं राहतील, वर सकाळचा चहाही निघेल. त्यांच्या डोक्यावर निदान छप्पर असतं. इथे छप्पर नाही, भिंत नाही, राखणदार नाही. रात्री आरसा गेला तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असा फलक आहे, आणि तो नेमका गॅरेजच्या आतल्या भिंतीवर आहे.

शिवाय हा रस्ता खजिनदारांनी आधीच विकत घेतलेला. विकत म्हणजे, आठ लाखांची पेट्रोलची गाडी घेताना आपल्या राज्यात ११ टक्क्यांनी एकरकमी रस्ता कर भरावा लागतो, तसे त्यांनी ८८,००० रुपये मोजले. ज्या रस्त्याचे पैसे सरकारला एकदा भरले, त्यातलाच बारा फुटांचा तुकडा आता एक तिसरा माणूस त्यांना रोजावर भाड्याने देत होता. त्या तिसऱ्या माणसाने त्या तुकड्यासाठी कुणाला काय भरलं, हा प्रश्न खजिनदारांनी विचारला. ॲडव्हायझर म्हणाला, ‘‘काका, ते सिस्टिमने काढलंय.’’

आणि आता तो गेट पास.

पैसे भरल्याशिवाय गेट पास निघत नाही आणि गेट पासशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही, हा गॅरेजचा नियम. खजिनदार म्हणाले, गाडी गेटबाहेरच आहे. ॲडव्हायझर म्हणाला, बरोबर, पण गेट पास लागेल. खजिनदार म्हणाले, अहो, ती बघा, मला इथून दिसतेय, किल्ली द्या, मी चालत जातो आणि बसतो. ॲडव्हायझर म्हणाला, काका, गेट पास स्कॅन झाल्याशिवाय सिस्टिममध्ये गाडी आतच दाखवते. हे ऐकून खजिनदारांमधला हिशेबतपासनीस जागा झाला. सिस्टिममध्ये गाडी आत असेल तर भाडं आतल्या जागेचं, आणि आतल्या जागेत गाडी एक मिनिटही उभी नाही. आणि गाडी बाहेर असेल तर ती गेटमधून केव्हाच गेली, डिलिव्हरी केव्हाच झाली, मग अकरा दिवस कसले? दोन्हीपैकी एक काहीतरी धरा, असं त्यांचं म्हणणं. ॲडव्हायझरने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने अकाउंट्सला फोन लावला. अकाउंट्सने सांगितलं की दोन्ही धरा. शेवटी पैसे भरले गेले, गेट पास निघाला, मग एक पोरगा किल्ली घेऊन बाहेर गेला, त्याने ती बगळ्यांनी मंजूर केलेली गाडी रस्त्यावरून उचलून गेटमधून आत आणली, वॉचमनने पास बघितला, वहीत नंबर लिहिला, पासवर शिक्का मारला, आणि त्याच पोराने गाडी गर्रकन वळवून त्याच गेटमधून बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर उभी केली. जिथून उचलली होती त्याच्या चार फूट पुढे, कारण तेवढ्यात मागची जागा दुसऱ्या कुणाच्या तरी तयार गाडीने घेतली होती. पाचशे रुपये रोज. वॉचमनने खजिनदारांना सलाम केला.

पर्यायी गाडीचंही तेच. ‘‘तुमची होईपर्यंत ही वापरा, काका,’’ म्हणून कुणाला मायेने दिलेली जुनी गाडी बिलात ‘रेंटल’ होऊन परत येते. पेट्रोल तुमचं, आणि दारावरचा आधीचा ओरखडाही तुमचा. ती निदान चालते, तुम्हाला कुठेतरी नेते. रस्त्याच्या तुकड्याने कुणाला कुठे नेलंय?

आपल्या गल्लीतला घड्याळवाला आठवा. ‘तीस दिवसांत वस्तू न नेल्यास दुकानदार जबाबदार नाही’ असा बोर्ड लावून त्याखाली बसलेला. आजोबांचं घड्याळ त्याच्याकडे विसरून माणसं परगावी नोकऱ्या करून निवृत्त होऊन परत यायची, आणि तो खणातून पुडी काढून म्हणायचा, ऐंशी रुपये झाले होते. आजही ऐंशीच. धंदा कळत नव्हता बिचाऱ्याला. खणाचं भाडं लावलं असतं तर लोक घड्याळ सोडून पळाले असते, आणि ते विकून त्यालाही काचेची केबिन घालता आली असती.

कायदा यावर गप्प नाही. १८७२चा भारतीय करार कायदा, कलम १७०. ज्याने तुमच्या वस्तूवर कष्ट आणि कसब खर्च केलं, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. योग्यच आहे, मिस्त्रीचे पैसे बुडू नयेत. पण अडवून ठेवण्याचाही मोबदला द्या, असं ते कलम कुठेच म्हणत नाही. हा कायदा होण्याच्या आधी, १८६०मध्ये, लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे असंच प्रकरण गेलं होतं. जहाज दुरुस्त करणाऱ्यांनी बिलासाठी जहाज गोदीत अडवलं आणि वर गोदीचं भाडं मागितलं, दिवसाला २१ पौंड. लॉर्ड्स म्हणाले, जहाज तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी अडवलंत, त्याचा खर्च तुमचा. तो विलायतेतला निकाल. आपलं कलम १७० लागू होतं ते उलट काही ठरलेलं नसेल तर, आणि ते उलट ठरलेलं असावं म्हणूनच जॉब कार्डाची पाठ छापलेली असते, फिकट करड्या शाईत, मुंगीला चष्मा लागेल अशा टायपात. आता तर कार्डही नाही. टॅबलेट पुढे करतात, ‘‘इथे बोटाने सही करा, फॉर्मॅलिटी आहे.’’ त्या काचेवर सही शेवयांसारखी उमटते आणि तिच्याखाली तुम्ही काय काय कबूल करून बसलात ते तुम्हाला १५ तारखेला कळतं.

मग ग्राहक आयोगात जा ना, म्हणणारे म्हणतात. जावंच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, आणि साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदाच सांगतो. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, गुणिले ५९०, म्हणजे ५३,१००. आयोगात सगळं घड्याळाबरहुकूम झालं तरचा हा आकडा. ६,४९०चं भांडण लढायला गाडी तिथेच ठेवलीत तर त्रेपन्न हजारांचा मीटर पडतो, आणि नाही ठेवली तर आधी पैसे भरा. यातच सगळं आलं. हे भाडं जागेचं नाहीच. जागा फुकटची आहे, रस्ता आहे तो! हे भाडं भांडणाचं आहे. तुम्ही प्रश्न विचारलात की मीटर पडतो, पुढचा प्रश्न विचारलात की आणखी एक दिवस वाढतो, आणि माणूस पाचव्या-सहाव्या प्रश्नाला गप्प होतो हे त्या केबिनीत बसलेल्यांना आधीपासून ठाऊक असतं. चोराला निदान पळावं लागतं. इथे चोर सोफ्यावर बसवून कॉफी पाजतात, आणि ज्या फुटपाथवरून म्हाताऱ्या माणसांनी चालायचं तो गाड्यांना भाड्याने देतात. तिथून चालणारी माणसं उतरून बसच्या चाकाशेजारून जातात, आणि टोइंगचा टेम्पो या रांगेला वळसा घालून पलीकडच्या दूधवाल्याची सायकल उचलायला जातो. मी स्वतः बघितलंय. सायकल!

असो. रक्तदाब.

खजिनदारांनी एक मात्र शहाणपणा केला. ‘हरकत कायम ठेवून रक्कम भरली’ असं बिलावर लिहून द्या म्हणाले. सिस्टिममध्ये तसा रकाना नव्हता. तेव्हा त्यांनी पैसे यूपीआयने भरले आणि टिपणीच्या जागी तेच वाक्य मराठीत टाकून स्क्रीनशॉट काढून ठेवला. उद्या १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा झाला तर हातात कागद हवा. मला त्यांचा अभिमान वाटला. टँकरवाल्याला उन्हात उभा करणारा माणूस अजून शिल्लक आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ॲडव्हायझरचा फोन. ‘‘काका, मुख्य ऑफिसातून रेटिंगसाठी कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिलेत तरी माझा इन्सेन्टिव्ह कापतात.’’ पाठोपाठ तो कॉल आला. बाईंनी विचारलं, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? पार्किंगचा विषय प्रश्नावलीत नव्हताच. वॉशिंगचा होता.

खजिनदारांनी दहा दिले. मी भडकलो. त्या पोराची कीव आली असेल तर तसं सांगा, म्हटलं. ते म्हणाले, ‘‘कीव कसली? कमी दिले की तक्रार उघडतात. तक्रार उघडली की गाडी तपासायला परत बोलावतात.’’