लाटांचे तात्या

शिराळा आणि समुद्र यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलाय. तरीही लाटांपासून वीज कशी काढावी हे ऐकायचं असेल, तर शिराळ्याच्या एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर जावं. तिथं तात्या बसलेले असतात. असे तात्या गावोगाव असतात. विषय तेवढा बदलतो, आवाज तोच.

तात्यांनी समुद्र पाहिलाय तो गणपतीपुळ्याला. घरची मंडळी कोकमाचा भाव करत होती आणि हे धोतर गुडघ्याच्या वर धरून, मनगटी घड्याळाकडे बघत लाटा मोजत उभे. "नुसती उंची बघून चालत न्हाय. दोन लाटांत किती सेकंद जात्यात, ते बी बघाय लागतं. आन् उंची दुप्पट झाली की ताकद चौपट!" चौपट कशी, ते कप हलवून दाखवतात. त्यामुळे जाणकार माणूस तात्यांच्या समोर बसत नाही, बाजूला बसतो.

त्यांचं तीर्थक्षेत्र म्हणजे केरळातलं विळिंजम. १९९१ साली मद्रासच्या आयआयटीच्या मंडळींनी तिथं १५० किलोवॅटचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. पाण्यात काँक्रीटची बंद खोली. लाट आत शिरली की खोलीतली हवा वरच्या तोंडातून बाहेर रेटली जाते, लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाते. त्या तोंडात वेल्स टर्बाइन बसवलेलं. हवा आत जावो नाहीतर बाहेर येवो, त्याचं चक्र एकाच दिशेनं फिरतं. तात्यांची बुद्धी याच बनावटीची आहे. तुम्ही होय म्हणा, नाही म्हणा, ती आपल्या दिशेनंच फिरत राहते.

"पण तात्या, त्यो प्रकल्प पुढं बंद पडला न्हवं?"

"म्हणूनच म्हणतो, पुन्हा कराय पायजे!"

"लाटेचा काय भरवसा? आज हाय, उद्या न्हाय."

"आन् तुझ्या थ्री-फेजचा हाय? लाईट आली म्हणून रात्री दोनला बॅटरी घिऊन उसात कोण जातं, मी का तू?"

यावर टपरी गप्प होते. बेभरवशाची वीज कशी वापरावी, यात शेतकऱ्याहून मोठा तज्ज्ञ कोण?

एकदा मात्र कपबश्या विसळणाऱ्या पोरानं त्यांना गाठलं. "तात्या, आपल्याकडं समुद्र पावसाळ्यात उसळतो. तवा शेतात पाणी तुंबलेलं, मोटारी बंद. उन्हाळ्यात ऊस वाळतोय, तर समुद्र निवांत. मग ती वीज घिऊन करायचं काय?"

लाटांच्या विजेचं खरं दुखणं पोरानं नेमकं धरलं होतं. चक्र क्षणभर अडखळलं, पण दिशा बदलली नाही. "साठवायची! जादा विजेनं पाणी डोंगरावर चढवायचं आन् उन्हाळ्यात खाली सोडायचं. डोंगर काय कमी हायत व्हय आपल्याकडं?" गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हाही वाऱ्याचं काय करायचं ते तात्यांनी असंच ठरवून टाकलं होतं.

२०२५ च्या सुरुवातीला बातमी आली, की भारत पेट्रोलियम आणि इस्रायलची इको वेव्ह पॉवर मुंबईत लाटांवर चालणारा १०० किलोवॅटचा प्रायोगिक प्रकल्प करणार. तात्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेला हिशेब मांडला. "पाच एचपीच्या पंचवीस-सव्वीस मोटारी आरामात!" आणि लगेच नावं लिहायला घेतली. पहिली चार भावकीतलीच निघाली.

"हे बरं हाय! आमचा नंबर कधी?" वरच्या आळीचे अण्णा उठले.

"तुमची मोटार साडेसातची. तुम्हाला भरतीच्या येळंलाच मिळंल."

"भरती रातीची आसती!"

"दिवसाची बी आसती."

"मग दिवसाची तुमच्या भावकीला आन् रातीची आम्हाला व्हय?"

मुंबईच्या विजेची शिराळ्यातली पाळी त्या दिवशी काही ठरली नाही. अण्णा आता ग्रामसभेत विषय काढणार आहेत.