साहेबांचा अर्ज

माहिती आयुक्त कोणाला करावं, हे २००५च्या माहिती अधिकार कायद्यानं नीट सांगून ठेवलंय. कलम १५ उघडा. सार्वजनिक जीवनातलं नामवंत माणूस हवं. कायदा, विज्ञान-तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, प्रसारमाध्यमं, प्रशासन अशी सात वाट्यांची पंगत मांडलीय. सरकार मात्र पाटावर बसलं रे बसलं, की हात थेट सातव्या वाटीत. बाकीच्या सहा आपल्या लिंबू-चटणीसारख्या डाव्या बाजूला, शोभेला. फेब्रुवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की बाबांनो, इतर क्षेत्रांतल्या माणसांचाही विचार करा. सरकारनं मान डोलावली आणि सातवी वाटी पुन्हा पुढे ओढली.

यावर ठरलेलं उत्तर असं, की फाईल कुठे दडते हे प्रशासनातल्या माणसालाच ठाऊक असतं. अगदी खरंय. पंचाईत एवढीच, की ती कोणी दडवली हेही त्याला ठाऊक असतं आणि दडवणारा बऱ्याचदा त्याच्याच बॅचचा निघतो.

आता टेबलाच्या अलीकडे या. ‘जोडपत्र अ’ भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प डकवा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. नागरिकानं पाल्हाळ लावू नये. तीस दिवसांनी उत्तर येतं : ‘सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.’ हे मात्र सहा शब्दांत! मग वीस रुपयांचं पहिलं अपील, त्याच खात्यातल्या वरच्या साहेबांकडे. त्यांना मुदत तीस दिवस, फार तर पंचेचाळीस. त्यानंतर दुसरं अपील, आयोगाकडे. आयोगाची मुदत? कायद्यात ती लिहिलेलीच नाही. खालच्या कारकुनाला घड्याळ, वरच्या साहेबांना पंचांग.

दंडाचा हिशेबही बघण्यासारखा आहे. माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार. भागाकार करा. शंभर दिवसांनंतरचा उशीर फुकट!

आयुक्तांचे थोरले बंधू म्हणजे लोकायुक्त. अशा तक्रारनिवारकाची कल्पना स्वीडनची, १८०९ची. महाराष्ट्रानं १९७१मध्येच कायदा करून ती घरात आणली. या कायद्यानं लोकायुक्तांना चौकशी करून सरकारला शिफारस करायचा अधिकार दिला. सरकारनं ती वाचली, तर वाचली.

आयुक्त ताठ कण्याचे निघालेच तर? त्याचीही सोय २०१९च्या दुरुस्तीनं झाली. आधी आयुक्तांची पाच वर्षं कायद्यातच लिहिलेली होती. आता मुदत आणि पगार केंद्र सरकार ठरवतं, राज्यांच्या आयुक्तांचासुद्धा. नियम आले आणि पाचाची तीन झाली.

वेगळ्या वाटीतलं माणूस घेतलं तर काय होतं, हेही आपण पाहिलंय. मुंबईचे शैलेश गांधी आयआयटीचे इंजिनिअर, मग उद्योजक, मग माहिती अधिकाराचे कार्यकर्ते. २००८ ते २०१२ ते केंद्रीय माहिती आयुक्त होते. एवढ्या काळात त्यांनी वीस हजारांवर प्रकरणं निकाली काढली. असला प्रयोग पुन्हा कोण करणार!

तर आमची एक नम्र सूचना. खुर्चीत बसण्याआधी प्रत्येक भावी आयुक्तानं स्वतःच्या जुन्या खात्यात एक अर्ज टाकावा. नाव लिहावं, हुद्दा लिहू नये. प्रश्न एकच : ‘माझ्या कारकिर्दीत या कार्यालयानं माहितीचे किती अर्ज फेटाळले?’ दीडशे शब्दांत आरामात बसतो. उत्तर हातात पडलं, की त्याच दिवशी शपथविधी.

अशानं आयुक्तांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतील, असं कोणी म्हणेल. राहू देत. ती रिकामी ठेवायची सवय सरकारला आहेच. निदान या वेळी कारण तरी लेखी मिळेल.