साहेब प्रभावी झाले!

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मोठा साहेब व्हायचं, तर आधी वाळूत हात घालणं सोडावं लागतं. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की कास्टिंगला भोकं पडतात. फोरमनला हे मूठ दाबून कळतं. साहेबांना तीन मीटिंगा, एक डॅशबोर्ड आणि पुण्याचा सल्लागार लागतो. सल्लागार सांगतो, ‘वाळूत ओल जास्त आहे.’ टाळ्या!

याच कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कापडगिरणी उभारायला घेतली, पुढं राधानगरीचं धरणही. व्हिजन स्टेटमेंट तेवढं भिंतीवर लावायचं राहिलं. साहेबांनी ती उणीव भरून काढली.

फोरमनच्या अप्रेझलवर यंदा शेरा आहे: ‘कामात उत्तम, पण धोरणात्मक विचार वाढवावा.’